नानांच्या जबड्यातलं हाड

नानांच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याची झडती व्हायची. दारातच बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवलेला असे. काडीपेटी, लायटर, जे काही खिशात असेल ते त्या डब्यात टाकायचं, मग चपला काढायच्या, मग आत. "मी विडी-सिगारेट ओढत नाही" एवढ्यावर नानांचं समाधान होत नसे. मी हायस्कुलात भूगोल शिकवणारी बाई, भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. पण माझी पर्ससुद्धा त्यांनी एकदा उघडायला लावली होती. आत खडूचे तुकडे निघाले. त्यातला एक त्यांनी हुंगून बघितला आणि मगच मला पाट दिला.

यात त्यांचा तरी काय दोष? सगळी नोकरी त्यांनी वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली होती, तीही फाटकावर, आत जाणाऱ्यांचे खिसे तपासण्यात. एक काडी चुकून आत गेली तर काय होईल, याचा विचार करत माणूस जन्मभर उभा राहिला की पुढे त्याला दुसरा विचार सुचत नाही. निवृत्त होऊन ते जळगावला आमच्या कॉलनीत आले, तेव्हा सामानाबरोबर ते फाटकही आलं. इतका भित्रा माणूस दारूगोळ्यात टिकला कसा, असं लोक हसून विचारायचे. मला वाटतं, तो भित्रा होता म्हणूनच बाकीचे टिकले.

नाना मूळचे दोंडाईच्याकडचे. शहरात राहून बोली बरीच घासली गेली होती, पण घाबरले की 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' बाहेर पडायचा, आणि घाबरलेले तर ते नेहमीच असत. जगातल्या यच्चयावत वस्तूंना त्यांचा प्रश्न एकच होता: "पक्कं शे ना?" जिना पक्का शे ना? दूध नासलं नाही, पक्कं शे ना? छताच्या पंख्यावर तर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. जळगावच्या मे महिन्यात पंखा खोलीच्या मधोमध रिकाम्या सतरंजीला वारा घालायचा आणि नाना कोपऱ्यात बसून घाम पुसायचे. सिनेमाला जायचं तर शेवट आधी विचारून घ्यायचे. शेवट गोड असेल तरच तिकीट.

"शेवट कळल्यावर बघायचं कशाला, नाना?" मी एकदा विचारलं.

"निवांत बघता येस ना, बाई."

त्यांची बायको, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, अगदी दुसऱ्या टोकाची. विंचू चिमट्यात धरून कुंपणापलीकडे भिरकवायची आणि त्याच हातानं कणीक मळायला बसायची. एसटीत आधी ती चढणार, अंधाऱ्या खोलीत आधी ती शिरणार, नव्या डॉक्टरपुढे आधी जीभही तीच काढून दाखवणार. मग नाना. आणि त्यांच्या "पक्कं शे ना?"ला तिचं उत्तर ठरलेलं: "मी शे ना!" आता मला सांगा, पंखा पडेल की नाही याचा अक्काच्या असण्याशी काय संबंध? पण नानांचं तेवढ्यावर भागायचं. ते पुन्हा विचारत नसत.

अक्का एका आजारपणात गेली. मग तो प्रश्न भिंत ओलांडून माझ्याकडे आला. मी "हो नाना, पक्कं आहे" म्हणायचे, शपथेवर म्हणायचे, आणि पाच मिनिटांनी ते तोच प्रश्न परत विचारायचे.

आता त्यांच्या जबड्याची हकिगत सांगते. नानांच्या रीतीप्रमाणे शेवट आधीच सांगून टाकते: सगळं नीट झालं. हाड धरलं, दात बसले, नाना जळगावातच राहिले. तुम्ही निवांत वाचा. मी मात्र त्या वेळी जराही निवांत नव्हते.

खालच्या दाढा त्यांच्या फार आधी गेल्या होत्या. कवळी करून घेतली, पण ती बसेना, बोलताना डुलायची. झोपेत आपण ती गिळणार, अशी नानांनी धास्ती घेतली. जागेपणीही ती तोंडात नको वाटायला लागली आणि शेवटी पाहुण्यांच्या काडीपेट्यांबरोबर डब्यात जाऊन पडली. मग भाकरी वरणात भिजवून, कालवून, गिळून चाललं. अक्का गेल्यावर तेही अर्धं राहिलं. गालफडं बसली. दिवाळीला सुरतेहून मुलगा आला, बापाला बघून चरकला. "एक तर दातांचं काही करा, नाही तर सामान बांधा," तो म्हणाला. "होळीला न्यायला येतो."

सुरत म्हटलं की नाना घाबरायचे. मला वाटायचं, नव्या शहराची भीती असेल. मुलगा चांगला, सून चांगली. पण घर सोडायचं नाव काढलं की ते उठून देवघरापाशी जाऊन उभे राहायचे.

माझ्या बहिणीचा मुलगा सुहास त्याच सुमारास मुंबईहून दातांचा डॉक्टर होऊन आला होता. जबड्याच्या हाडात स्क्रू बसवायचा आणि त्यावर पक्का दात, अशी नवी विद्या तो शिकून आला होता. 'पक्का' हा शब्द ऐकून नाना यायला तयार झाले. सुहासनं एक्स-रे उजेडाला धरला आणि मान हलवली.

"नाना, दात गेले की खालचं हाड झिजत जातं. तुमचं फार झिजलंय. खिळा ठोकायला भिंतच उरली नाही म्हणा ना. आधी तिथं हाड भरावं लागेल. काही महिन्यांत ते तुमच्या हाडाशी एकजीव झालं की मग स्क्रू."

"भरायचं म्हणजे?" नानांनी खुर्चीचे हात धरले. "कोनाचं हाड?"

सुहास हुशार, पण वयानं लहान. खरं ते सगळं सांगून टाकायची त्याला सवय. "बाटलीतून भुकटी मिळते, परदेशातून येते. गायीच्या हाडावर प्रक्रिया करून..."

नाना चपलेत होते. मी त्यांना पायरीवरून परत आणलं.

"बरं, ते राहू द्या," सुहास घाईनं म्हणाला. "माणसाचंही मिळतं. मेलेल्या माणसाचं, स्वच्छ केलेलं. दुसऱ्याचं हाडसुद्धा चालतं, नाना."

नाना बसले. मग त्यांनी विचारलं, "तो मानूस कसा व्हता?"

"म्हणजे?"

"दारू पेयाचा का? भांडखोर व्हता का?"

"ते कसं कळणार, नाना?"

"मंग नाव-गाव ठाऊक नही असा मानूस मी तोंडात घेऊन हिंडू? आनि मी मेल्यावर? पोऱ्या राख सावडी, मन्ही हाडं गोळा करी, तापीत सोडी. त्यात हाऊ मानूस बी! त्याच्या घरच्यांनी त्याला एकदा पोचवलेला, आते पुन्हा माझ्यासंगे?"

सुहासच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

"मग तुमचंच घेऊ," तो शेवटी म्हणाला. "हनुवटीतून थोडं काढायचं आणि मागं भरायचं. सगळ्यात चांगलं तेच."

घरी येईपर्यंत नानांनी हनुवटी हातात धरून ठेवली होती.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. रोज संध्याकाळी नाना नवी भीती घेऊन माझ्या ओट्यावर हजर. मध्येच लाईट गेली तर? म्हणून सुहासच्या दवाखान्यामागचं जनरेटर बघायला गेले, ते सुरू करायला लावलं, लांब उभं राहून ऐकलं आणि कामगाराला खिशात काडीपेटी आहे का ते विचारून आले. हनुवटी पोकळ झाली आणि जांभई देताना तुटली तर? शुद्धीवर असताना करवतीचा आवाज कानात गेला आणि कायमचा तिथंच राहिला तर? भीती खोकल्यासारखी असते, शेजाऱ्याला लागते. वर्गात नकाशा दाखवतानाही माझा हात हनुवटीकडे जायला लागला. यांना काही झालं तर त्यांच्या मुलाला मी काय तोंड दाखवू, या विचारानं जेवण जाईना. होळी जवळ आली होती.

आणि एक दिवस नाना इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. "चला, बाई. ठरनं. दुसऱ्याचंच हाड टाकू."

मला वाटलं, अखेर धीर आला. रिक्षातून जाताना त्यांचा हात छातीवरच्या खिशावर घट्ट दाबलेला होता.

सुहाससमोर बसल्यावर त्यांनी त्या खिशातून रुमालाची पुडी काढली. पुडीत अक्काचा करंडा होता, पितळेचा, कुंकवाचा. झाकण त्यांना उघडेना, ते मी उघडलं. आत कुंकू नव्हतं. सुपारीच्या खांडाएवढं काहीतरी होतं, राखाडी-पांढरं.

"सावडायच्या दिवशी ठेवी लिधं, देवघरामागं," नाना म्हणाले. "तुम्ही म्हनाला ना, दुसऱ्याचं चालस. मंग हाई टाका. वळखीचं शे. अनोळखी मानसाची माले भीती वाटस, डॉक्टरसाहेब. हिनी नही वाटत."

माझ्या अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ रडू आलं. कपाटावरची पाल खाली उतरेल म्हणून ज्याला झोप लागत नसे, त्या माणसानं स्मशानातलं हाड घरात आणून देवघरामागं ठेवलं होतं आणि त्याच्याशेजारी तो इतके दिवस एकटा झोपला होता. सुरतेला सुनेच्या घरी ते कुठं ठेवणार होता तो?

"बाई, पाप व्हयनं का?" नाना माझ्याकडे वळले. हा प्रश्न त्यांनी फार दिवस गिळून ठेवलेला असणार. "तिले मी इथंच अडकवं का? बाकी बठ्ठं सोडं तापीत. एवढं नही सुटनं. ती गयी, मंग आते मी कोनले इचारू?"

सुहास हसेल की काय, अशी मला भीती वाटली. तो हसला नाही. त्यानं हातमोजे काढले, करंडा दोन्ही हातांत घेतला आणि खुर्ची ओढून नानांच्या अगदी जवळ बसला.

"नाना, अग्नीतून गेलेलं हाड शरीर धरत नाही. तिथं पू होईल, मग मला ते काढून टाकावं लागेल. अक्कांचं काही काढून टाकायला मला सांगू नका." त्यानं झाकण लावलं आणि करंडा नानांच्या तळहातावर ठेवला. "हाड तुमचंच घेऊ. हे तुम्ही मुठीत धरा. काम संपेपर्यंत धरा."

"मुठीत चाली?"

"चालेल."

पापाचा प्रश्न तेवढा तसाच राहिला.

त्यांना आडवं केलं, छातीवर हिरवं कापड टाकलं. सुहासनं इंजेक्शन भरलं. सुई बघून मीच कपाटाला धरून उभी राहिले. नानांनी सुईकडे बघितलं, मग वर बघितलं. नेमका डोक्यावर पंखा फिरत होता.

"पक्कं शे ना?" ते म्हणाले.

मी आणि सुहासनं उत्तर द्यायला एकदमच तोंड उघडलं. पण नाना आमच्याकडे बघत नव्हते. कापडाखालून त्यांनी मूठ वर काढली आणि कानाशी धरली. डोळे मिटले. सुहास सुई हातात धरून थांबून राहिला.

अक्काला "मी शे ना!" म्हणायला कधीच वेळ लागत नसे. नानांनी मूठ अलगद छातीवर ठेवली आणि तोंड उघडलं.