वह्या वर गेल्यात

इंग्रजीच्या बाईंसमोर सत्तावन्न वह्या होत्या आणि अंगात ताकद एका वहीचीही उरली नव्हती. सगळ्यांत तेच: ‘मांजराने उंदीर खाल्ला’पासून दहा वाक्यं पॅसिव्हमध्ये करा, दहा जोडवाक्यं लिहा. ‘ऑल्दो’ घातलं की पुढे ‘बट’ नको, असा बाईंनी वर्षभर कंठशोष केला होता. पहिल्याच वहीत दोघं एका वाक्यात सुखाने नांदत होते.

सोमवारी तपासनीस येणार होते. वह्या तपासलेल्या नसल्या, तर बाईंची आठवड्याची रजा रद्द. त्या रजेत बाई नुसत्या झोपणार होत्या.

“दे इकडे,” नवरा म्हणाला. “शुक्रवारी दुपारी आमच्या ऑफिसात काम नसतं.”

“इतर दिवशी असतं?”

“टोमणे नकोत. उत्तरं लिहून दे, पाच जण मिळून फडशा पाडतो.”

शुक्रवारी नवरा हात हलवत घरी आला.

“वह्या कुठायत?”

“वर गेल्यात.”

“वर?”

“अगं, गठ्ठा टेबलावर ठेवला, तर आवकवाल्याने सवयीने शिक्के मारले. शिक्का बसला की कागद ऑफिसचा. मग कारकुनाने वाचल्या.”

“बरोबरच्या खुणा तरी केल्या ना?”

“खूण म्हणजे मंजुरी. तो अधिकार त्याला कुठला? ‘योग्य वाटल्यास बरोबर समजावे’ लिहून त्याने हेडक्लार्ककडे ढकलल्या. हेडक्लार्क म्हणाले, उंदीर खाल्ला गेला हे ठीक, पण जबाबदार कोण?”

“मांजर! लिहिलंय की शेवटी!”

“मांजराचा जबाब जोडलेला नाही. आता साहेबांकडे आहेत. त्यांनी ‘चर्चा करावी’ लिहिलं आणि दौऱ्यावर गेले. बुधवारी येतील.”

“तुम्ही मध्ये काही बोलला नाहीत?”

“बोललो ना. म्हणून तर चर्चेला मलाच बोलावलंय.” त्याने आवक क्रमांकाचा चिठोरा तिच्या हातात ठेवला.

सोमवारी तपासनीसांनी कपाट उघडलं. आत एक डस्टर होतं. हेडमास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंना थाप मारायचंही त्राण नव्हतं.

“वह्या एका ऑफिसात अडकल्यात सर. साहेबांच्या टेबलावर. हा नंबर.”

तपासनीसांनी चिठोरा दोनदा वाचला आणि ते खुर्चीत सैलावले.

“म्हणजे कार्यवाही सुरू आहे.”

“तसंच म्हणायचं.”

“मग प्रश्नच मिटला! मागच्या शाळेत वह्या तपासलेल्या होत्या. त्यात चुका निघाल्या आणि मला तीन पानी अहवाल खरडावा लागला.” त्यांनी ‘वह्या प्रक्रियेत. काम समाधानकारक’ असं लिहिलं आणि चहाही न घेता ते सटकले.

रजा वाचली होती. बाईंनी स्टाफरूमच्या टेबलावर डोकं टेकलं. डोळा लागतोय तोच कानाशी कुणीतरी खाकरलं. गणिताचे सर दोन गठ्ठे काखोटीला मारून उभे होते. त्यांच्यामागे विज्ञानाच्या बाई, त्यांच्यामागे भूगोल, आणि रांग पार जिन्यापर्यंत.

“बाई,” सर आवाज खाली आणून म्हणाले, “तुमच्या मिस्टरांच्या ऑफिसात गणित घेतात का हो?”