भाऊमामांच्या फळ्यावरचा रेडा

अकोल्याच्या जुन्या शहरात माझे भाऊमामा रोज सकाळी घराबाहेरच्या फळ्यावर एक जनावर काढतात आणि खाली चार ओळींची जंगलातली बातमी लिहितात. चित्रकलेचे रिटायर मास्तर; खडूची सवय सुटत नाही. नाव कोणाचंच नसतं, पण जनावर कोण, हे चौकातलं पोरगंही सांगतं.

‘‘मामा, एकदा मलाही काढा की,’’ मी एकदा म्हणालो.

‘‘फळ्यावर येयाले सत्ता लागते लेका. तुही घरी तरी चालते काय?’’

माझी बायको अमरावतीला परतेपर्यंत हसत होती.

मामांचा हुकमी रेडा म्हणजे वार्डाचे नगरसेवक सुधाकरभाऊ, मामांचे शाळेपासूनचे दोस्त. नळाला आठवडाभर पाणी नव्हतं, तेव्हा फळ्यावर आलं : ‘जंगलात टंचाई. रेड्याने सांगितलं, घाबरू नका, डबकं माझ्या अंगाखाली सुरक्षित आहे.’

तासाभरात सुधाकरभाऊ ओट्यावर हजर.

‘‘काहून बे मास्तर, मी तुले रेडा दिसतो? सिंह काढता येत नाही?’’

‘‘सिंह मुंबईले रायते. वार्डाच्या कोट्यात रेडाच बसते.’’

मग दुपारपर्यंत भांडण. तीनदा चहा.

गेल्या निवडणुकीत सुधाकरभाऊ पडले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवा कोंबडा आला. रेडा गायब. मामांचा नियमच तसा : खुर्ची गेली की चित्र बंद. ‘‘पडलेल्याले मारनं आपल्याले जमत नाही,’’ असं ते जरा छाती फुगवून सांगत. नवा नगरसेवक भांडायला येईना, फळ्याचे फोटो काढून स्वतःच वाटत फिरे. ओटा सुना पडला. मामा मला दर रविवारी अकोल्याला बोलावू लागले. पण मी भांडणात कच्चा. बायकोला विचारा.

अशाच एका रविवारी सुधाकरभाऊंच्या मंडळी, विमलकाकू, ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या.

‘‘मास्तरभाऊजी, तुमी ह्याइले फळ्यावरून काहून काढलं?’’

‘‘वहिनी, तो पडला ना. आता त्याच्यावर काय लिहू?’’

‘‘घरी कोणी येत नाही, फोन वाजत नाही. तरी रोज सकाळी इस्तरीचा सदरा घालून इथून चक्कर मारते, फळा पायते अन् वापस येते. आज मले म्हणे, विमल, मी मेलो काय वं?’’

काकू गेल्यावर मामा उठले आणि त्या दिवसाचा कोंबडा अर्ध्यातच पुसला. मग बराच वेळ लावून रेडा काढला. खाली लिहिलं : ‘जंगलाच्या सभेला रेड्याला बोलावलं नाही. तो दारात उभा राहिला. सभा संपली, पण बाहेर कोणालाच पडता येईना.’

संध्याकाळच्या आत चपला वाजल्या.

‘‘काहून बे मास्तर! शिंगं एवढुशे?’’ सुधाकरभाऊंचा आवाज चौकाच्या पलीकडे गेला असेल.

मामांनी खडू पुढे केला. ‘‘काढ तूच. तुले पायजे तेवढे.’’

सुधाकरभाऊ खडू घेऊन जी शिंगं काढायला लागले, ती फळ्याची चौकट ओलांडून थेट भिंतीवर गेली.

फळा मामा रोज पुसतात. भिंतीला मात्र ओलं फडकं लागू देत नाहीत.