बुडणाऱ्यास सोळा पानी मदत

कोणतीही माहितीपुस्तिका माहितीशिवाय छापता येते. शुभसंदेशांशिवाय येत नाही. हे सत्य मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या क्षितिजाला कॉलेजच्या दुसऱ्याच वर्षी, पन्नास गुणांच्या गटप्रकल्पात कळलं. म्हणजे तसं वेळेवरच कळलं.

विषय होता ‘समुद्रात बुडणाऱ्याला कसे वाचवावे’. पानं सोळा, संपादक क्षितिजा. माहिती दिली गटातल्या फ्लेव्हियाच्या वडिलांनी. मॅन्युएल अंकल उत्तनचे मच्छीमार. त्यांनी आजवर अकरा माणसं पाण्यातून जिवंत काढली होती (अनुभवाचा दाखला जोडलेला नव्हता). ते म्हणाले, “त्याच्यामागं उडी न्हाय मारायची. दोर टाकायचा, रिकामा कॅन टाकायचा, आनि बोंब मारायची.”

मग पानवाटप झालं. प्राचार्यांना दोन पानं, संस्थेच्या विश्वस्तांना चार (उभे, बसलेले, दीपप्रज्वलन करताना आणि विचारमग्न), कागद देणाऱ्या समाजसेवकांना तीन, गटाच्या परिचयाला दोन. मांडणी गटातल्या निहारकडे होती. पानावर मोकळी जागा नसली की वाचणारा गुदमरतो, असं त्याचं म्हणणं पडलं; म्हणून मुखपृष्ठ धरून चार पानं नुसती निळी राहिली. उरलेल्या एका पानात बुडणारा बसवला.

मार्गदर्शक सरांनी तेवढंही प्रमाणभाषेत आणलं: ‘तरंगक्षम साधन उपलब्ध करून द्यावे व ध्वनिद्वारे लक्ष वेधावे.’ क्षितिजाने ते अंकलना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे वाचून होयपर्यंत तो थांबल काय, बाय?”

दोन दिवस तिने सरांचं वाक्य आणि अंकलचं बोलणं शेजारी ठेवून वाचलं. शेवटी छपाईला फाइल देताना तिने गटपरिचयाची दोन्ही पानं काढली (त्यात तिचा फोटो बरा आला होता) आणि तिथे अंकलचं बोलणं जसंच्या तसं, बोंबेसकट, मोठ्या अक्षरांत घातलं.

गट तिच्याशी बोलेनासा झाला. निहारने तर फोटो येणार म्हणून नातेवाइकांना कळवून ठेवलं होतं. सरांनी अशुद्ध भाषेचे नऊ गुण कापले. फ्लेव्हिया मात्र सांगत आली, की उत्तनला वाटलेल्या प्रतींतली ती पानं लोकांनी फाडून होड्यांवर आणि चहाच्या टपरीवर चिकटवलीत. प्राचार्यांनी याची ‘पुस्तिकेची नासधूस’ अशी नोंद घेतली.

उरलेल्या पाचशे प्रती मीरा रोडच्या सुशिक्षित घरांत वाटल्या. तिथे नासधूस झाली नाही. एकही पान फाटलं नाही, दुमडलं नाही, कशावर बोटाचा डाग पडला नाही. अभिप्राय मात्र पाचशेच्या पाचशे आले: ‘अतिशय उपयुक्त’. त्यात तुमचीही सही आहे.