हबीबचाचा आणि वरची थंडी

हबीबचाचा रोज सकाळी चूळ भरायच्या आधी चिखलदऱ्याच्या डोंगराला शिव्या द्यायचे. परतवाड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की डोंगर सरळ समोर दिसतो. चाचा तिथं लुंगी सावरत उभे राहायचे आणि हात वर करून सुरू व्हायचे, "बेइमान! हरामखोर! काल ऊन दाखवलं, आन् आज ढग पांघरून बसला! तुह्यावर भरोसा ठेवीन तो गाढव!" डोंगर काही बोलायचा नाही. मग चाचा माझ्याकडे वळायचे, "पाह्य बेटी, आहे का तोंड त्याले जवाब द्याले?"

मी शेजारीण. तोंड मलाही आहे, साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. पण चाचांपुढे माझंही काही चालायचं नाही.

ते जातीचे पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हाच धंदा. डोंगरावरून कोणीही खाली उतरो, तुपाचं मडकं घेऊन आलेला गवळी असो की साहेबाचा घोडेवाला, चाचा त्याला रस्त्यातच धरायचे. "वर लोकं काय पांघरून राहिले?" हाच एक सवाल. तो बिचारा म्हणायचा, "घोंगडी." की चाचांचं डोकं फिरलंच. "घोंगडीनं काय होते बे? आत हवा घुसते! रजई पाह्यजे, रजई!"

इथल्या पलटणीच्या छावणीतले लोक थंड हवेसाठी वर जायच्या आधी त्यांना हवापाणी विचारायला यायचे. चाचा सांगायचे, "उन्हाळ्यात जा, मजा आहे. पन रजई घेऊन जा. थंडीत जासान तं सकाळी गवत पांढरं दिसते, दोन रजया घेऊन जा. आन् पावसाळ्यात जाऊच नका. ढग घरात घुसते, चूल इझवते, कपडा सात दिवस वाळत नाई. मानूस आतून ओला होते." मी म्हणायचे, "चाचा, धंद्यासाठी सांगून राहिले का?" तेव्हा मात्र ते असे काही रागावून बघायचे की मी घागर उचलून विहिरीची वाट धरायचे.

ते कापसाचे दिवस होते. दूर कुठल्या मुलखात लढाई लागली म्हणे, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीचे दलाल दारोदार फिरायला लागले. शेतातला कापूस संपला तेव्हा माणसांची नजर घरात वळली. खरं सांगते, लोकांनी गाद्या उसवल्या! उशा उसवल्या! म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या अंगाखालचं काढून पिंजाऱ्याकडे आणायचे, "चाचा, जरा पिंजून द्या, नवा दिसला पाहिजे." आमच्या ह्यांनी माझी माहेरची गादी, मी विहिरीवर गेले असताना, उसवून विकली. मूर्खपणाला काही हद्द? मी होळीपर्यंत ह्यांच्याशी बोलले नाही.

चाचांनी मात्र एकाचंही काम घेतलं नाही. "चालते व्हा! गादी काय इकाची चीज आहे? हिवाळा काय लढाईवर गेला?" असं ओरडून त्यांनी सगळ्यांना दारातून हाकललं. धंदा बुडाला. पण वैशाखात एक मजा झाली. अकोल्याचा एक शेठ, कापसावर गब्बर झालेला, बायकापोरं घेऊन थंड हवेला वर गेला. घरातल्या सगळ्या रजया आधीच विकून मोकळा! वर वळवाचा पाऊस झाला, गारा पडल्या, आणि शेठजी बैलाची झूल पांघरून, नाक गळत खाली आले. चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

ते हसणं फार टिकलं नाही. त्यांची लेक मेहरुन वरच होती. जावई तिथल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर चौकीदार. मेहरुनला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, रीतीनं माहेरी यायची. पण साहेबाची मडम म्हणाली, पाहुणे आहेत, हिला सोडत नाही. पाहुणे जातील तोवर पाऊस लागणार आणि घाटात चिखल होणार. म्हणजे पोर त्या ढगातच जन्मणार. मला त्या मडमेचा असा संताप आला की काय सांगू! चाचा फक्त म्हणाले, "एक रजई पाह्यजे. नवी. लहान."

आणि साऱ्या वऱ्हाडात पिंजाऱ्याला मूठभर कापूस मिळेना! गाड्यांवर गाड्या अमरावतीकडे चालल्या होत्या, ढीगच्या ढीग. दलाल हसले, "भाव ऐकला का, चाचा?" मग चाचा रोज संध्याकाळी गाडीरस्त्यानं जायला लागले. भरलेल्या गाड्या बाभळींना घासत जायच्या, काट्यांना कापसाचे पुंजके अडकायचे. चाचा ते एकेक काढून ओटीत टाकायचे. बोटं रक्ताळलेली. लोक म्हणाले, म्हातारा येडा झाला.

एक दिवस एका व्यापाऱ्याच्या मुनीमानं त्यांना धरलं. "हा आमच्या गाडीतला माल आहे. टाक खाली!" डोंगराला शिव्या देणारा माणूस ओटी घट्ट धरून नुसता उभा. मी डोक्यावर जळतन घेऊन तिथूनच येत होते. मोळी फेकली आणि मुनीमासमोर उभी राहिले. "काहून रे, लाज हाये का? काट्यावरचा कापूस तुह्या शेठचा? मंग बाभूळही तुह्या शेठची, काटाही तुह्या शेठचा! हात लावून पाह्य त्याईच्या ओटीले, हात मोडून ठेवीन!" रस्त्यावरचे गाडीवान थांबून हसायला लागले. मुनीम पागोटं सावरत निघून गेला.

रजई झाली. अशी मऊ, की हात ठेवला तर काढावासा वाटेना. तोवर श्रावण लागला होता. गवळी म्हणाला, मी नेतो. चाचांना कोणाचा भरोसा नव्हता. रजई मेणकापडात गुंडाळून डोक्यावर बांधली आणि म्हातारा त्या पावसात, त्या चिखलात, स्वतः घाट चढून गेला. मी ओरडले, भांडले, रडलेसुद्धा. ऐकलं नाही.

परत आले ते तापानं फणफणत. मी काढा घेऊन गेले आणि सुरूच झाले, "मराचं होतं का? ह्या वयात? कोनी सांगतलं होतं?"

त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "नातू झाला, बेटी. मी त्याच्या पायाले हात लावून पाह्यलं. गरम होते. दोन्ही पाय गरम होते."

"मंग रडता काहून?"

"मेहरुन लहान होती, तवाची गोष्ट. एक पावसाळा मी वर होतो, बंगल्याच्या रजया भराले. साऱ्या रजया मीच भरल्या. आन् तिची माय झोपडीत ओल्या पोत्यावर काकडत. साहेबाच्या कापसाले हात कसा लावू, म्हनून मी लावला नाई. शेवटच्या राती तिच्या मायचे पाय चोळत बसलो." चाचांनी दोन्ही तळहात एकमेकांवर घासून दाखवले. "लय चोळले, बेटी. गरमच नाई झाले."

माझ्या हातातला काढा तसाच निवत राहिला.