भोईरबाईंची गहाळ माणसं

भोईरबाईंना "चहा घेणार का?" असं विचारू नये. आमच्या ऑफिसात नवीन आलेलं माणूस पहिल्या दिवशी हमखास विचारायचं. बाई चष्मा कपाळावर चढवून म्हणायच्या, "पर्याय सांगा."

"चहा किंवा कॉफी."

"एकच निवडायचं, की लागू असतील ते सगळे?"

"दोन्ही घ्या ना मॅडम."

"आणि काहीच नको असेल तर?"

"मग काही बोलू नका."

इथे बाई हातातलं पेन खाली ठेवायच्या. "असं कसं? नको म्हणणं वेगळं, गप्प बसणं वेगळं." एवढं होईतो चहा गार झालेला असे. तो गारच त्या आवडीने प्यायच्या.

ठाण्याला तलावाजवळच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. लोकांच्या घरी जाऊन प्रश्न विचारायचे आणि उत्तरांचे तक्ते करून ज्याने काम दिलं त्याला द्यायचे, हा धंदा. मी तिथे उतारवयात आलो. तीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळून निवृत्त झालो, आणि वर्षभरात माझी पत्नी वसुधा गेली. डोंबिवलीच्या घरात दुपारी पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटू लागला, म्हणून हे काम धरलं. लोकांनी स्वतःच्या शब्दांत दिलेली उत्तरं वाचायची आणि एकसारखी एकत्र ठेवायची. पुस्तकं लावण्यासारखंच. दुपारी तलावावरचा उजेड छतावर हलत राही आणि त्याखाली बसून आम्ही अनोळखी घरांमधली उत्तरं वाचत असू. कधीकधी वाटे, आपणही पाण्याखालीच आहोत.

भोईरबाई तक्ते करत. वय साठीला टेकलेलं, अंबाड्यात एक अबोलीचा गजरा, पर्समध्ये फूटपट्टी. डोंबिवली पश्चिमेच्या खाडीकडच्या जुन्या गावातल्या. वडील मिठागरात काम करत. पुढे जमिनीवर इमारत आली, बाईंच्या वाट्याला दोन फ्लॅट आले. "आता नोकरीची काय गरज?" असं कुणी विचारलं, तर त्या म्हणायच्या, "ह्या प्रश्नाला नव्व्याण्णव."

नव्व्याण्णव म्हणजे उत्तर दिलं नाही. अठ्ठ्याण्णव म्हणजे माहीत नाही. आमच्या कामातले हे आकडे बाई माणसांनाही लावत. "माझा भाचा अठ्ठ्याण्णव आहे. त्याला खरंच काही माहीत नसतं. त्याचा बाप नव्व्याण्णव. सगळं माहीत असतं, बोलत नाही."

ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला, की ग्रुपवर विचारणा व्हायची: वडा, समोसा, की दोन्ही? उत्तरं आली तेवढ्यांचं मागवून आमचा मॅनेजर निखिल मोकळा व्हायचा. बाई मात्र टेबलाटेबलाशी जायच्या. "तू नको म्हणालीस, की गप्प होतीस?" एकदा तिघी गप्प होत्या. दोघींचा उपास निघाला आणि तिसरी रुसलेली निघाली. बाईंनी दोन साबुदाणा वडे मागवले. तिसरीशेजारी त्या न बोलता अर्धा तास बसून राहिल्या.

आता थोडं कामाचं सांगायला हवं, कारण बाईंचा सगळा जीव तिथे होता. "घरात पाणी कुठून येतं? लागू असतील त्या सगळ्यांवर खूण करा," असा प्रश्न असला आणि खाली पाच चौकोन असले, की कॉम्प्युटरमध्ये त्याचे पाच रकाने होतात. खूण केली तिथे एक, नाही केली तिथे कोरं. ज्याने पाचांपैकी एकावरही खूण केली नाही, त्याला आमचं सॉफ्टवेअर तक्त्यातून उचलून बाजूला ठेवतं. आरडाओरडा नाही, लाल दिवा नाही. तक्त्याच्या पायथ्याशी बारीक अक्षरांत एक ओळ येते: गहाळ केसेस, इतक्या. टक्केवारी उरलेल्यांवर निघते आणि छान शंभराच्या हिशेबात दिसते. सगळे वरचा तक्ता वाचतात. बाई आधी ती शेवटची ओळ वाचायच्या, फूटपट्टी लावून.

गेल्या उन्हाळ्यात दिवा स्टेशनाजवळच्या वस्तीचं काम आलं. एक संस्था तिथल्या गल्ल्यांमध्ये पाण्याच्या टाक्या बसवणार होती. कुठे बसवायच्या ते आमच्या तक्त्यावरून ठरणार होतं. सोमवारी अहवाल द्यायचा होता. शुक्रवारी दुपारी बाईंची फूटपट्टी पायथ्याच्या ओळीवर थांबली.

"निखिल, एकेचाळीस घरं गहाळ आहेत."

"अरे मॅडम, टेबल मस्त आलंय ना. एकेचाळीस म्हणजे किती, काहीच नाय."

"एकेचाळीसच्या एकेचाळीस एकाच गल्लीतली आहेत. 'यांपैकी काहीच नाही' हा सहावा चौकोन होता, तो कुठे गेला?"

निखिलने मान खाजवली. "टॅबच्या स्क्रीनवर पाचच बसत होते. सहावा खाली जात होता, स्क्रोल करायला लागायचं. उडवला मी."

बाईंची फूटपट्टी त्या ओळीवरून हलली नाही. निखिल मनाने वाईट नव्हता. त्याने लगेच उपाय केला. दोन मिनिटांत सगळ्या कोऱ्या जागी शून्य भरलं आणि म्हणाला, "हे घ्या. शून्य म्हणजे नाही. आता गहाळ कोणीच नाय. खूश?"

रागावल्या की बाईंच्या तोंडी गावची बोली येई. "मना नको शिकवू!" त्या उठून उभ्याच राहिल्या. "आधी त्या मानसांना बाहेर काढलंस, आता त्यांच्या तोंडात 'नाही' घातलंस! त्यांनी सांगितलं तुला?"

"मॅडम, सोमवार आहे ना यार."

"मग शनिवार आहे, रविवार आहे." बाई माझ्याकडे वळल्या. "सबनीस सर, तुम्हाला उद्या काय काम?"

मला काय काम असणार?

शनिवारी सकाळी डोंबिवलीहून आम्ही रिक्षा केली. शीळफाट्याला कंटेनरांच्या रांगेत रिक्षा अडकली. ऊन पांढरं झालं होतं. बाई त्या पांढऱ्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "आमच्या मिठागरात असे चौकोन होते. दादा, माझे वडील, संध्याकाळी एकेक वाफा बघत फिरायचे. काही वाफ्यांत मीठ धरलेलं असायचं, काहींत नुसतं पाणी. मी लहान होते, म्हणायचे, दादा, हा रिकामा आहे. ते म्हणायचे, रिकामा नाय गो, पाणी उभं हाय त्यात. बघत राव्हाचं."

मग रांग हलली आणि त्या पुन्हा यादी तपासू लागल्या.

ती गल्ली दोन इमारतींच्या मागे होती, इतकी अरुंद की बाईंनी पर्स पोटाशी धरली. दारोदार निळे कॅन. पहिल्या दाराशी एक बाई भांडी पुसत बसली होती. भोईरबाई सरळ उंबऱ्यावर टेकल्या.

"मावशी, पाण्याच्या प्रश्नाला तुम्ही कशावरच खूण केली नाहीत. नको म्हणून, की गप्प म्हणून?"

"काय खूण करू, ताई? नळ हाय, पण पाणी नाय. टँकर गल्लीत शिरत नाय. बोअर खारट. जार परवडत नाय. शेजारणीकडं मागू, तर ती माझ्याकडं मागती. माझा नवरा विठ्ठलवाडीला कामाला हाय, तो येताना दोन कॅन भरून आणतो. ते तुमच्या फोनमधी होतं का?"

"नव्हतं."

"मग? ती टॅबवाली पोरगी म्हणाली, चालेल मावशी, पुढं जाऊ."

"नाही चालत," बाई म्हणाल्या आणि ते उत्तर शब्दाला शब्द लिहून घेतलं.

दुपारपर्यंत आम्ही एकेचाळीस दारं केली. चाळीस घरी तीच कथा होती, फक्त कॅन आणणाऱ्याचं स्टेशन बदलायचं. शेवटच्या दारातले आजोबा मात्र बनियनवर उभे राहून म्हणाले, "मी तेव्हाही सांगितलं नव्हतं आणि आताही सांगणार नाही. पाणी माझं, घर माझं."

बाईंचा चेहरा उजळला. "नव्व्याण्णव!" त्यांनी वळणदार आकडा काढला. "धन्यवाद, आजोबा. असंच लिहिते." आजोबा जरा गोंधळले. त्यांना भांडण हवं होतं.

रविवारी ऑफिस उघडायला लावून बाईंनी सहावा रकाना केला: बाहेरून कॅन भरून आणतात. तक्ता पुन्हा निघाला. पायथ्याशी लिहिलं होतं, गहाळ केसेस, एक.

"आता तो एक पण काढा ना, मॅडम," निखिल म्हणाला. "क्लीन दिसेल."

"बसू दे त्यांना. ती जागा त्यांनी मागून घेतलीय."

सोमवारी अहवाल गेला. पावसाळा संपता संपता त्या गल्लीच्या तोंडाशी एक काळी टाकी बसली. निखिलने ऑफिसच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला. बाईंनी त्याखाली काहीच लिहिलं नाही. त्या तोवर ऑफिसात येईनाशा झाल्या होत्या. गुडघ्यांनी दगा दिला होता, तीन जिने चढवत नव्हते.

त्यानंतर महिन्याभराने निखिल मला म्हणाला, "सर, जुन्या ट्रायलच्या फाइल्स बघून घ्या ना. उडवायच्यात."

कुठलाही नवा फॉर्म आधी आम्ही ऑफिसातली माणसंच भरून बघतो. पहिली केस नेहमी भोईरबाईंची. मी त्या फाइल्स एकेक करून उघडत गेलो आणि मला माझीच ओळ सापडली, मी नोकरीला लागलो त्या आठवड्यातली. प्रश्न चार, जो आमच्या प्रत्येक फॉर्ममध्ये असतोच: घरी तुमच्यासोबत कोण कोण राहतं? लागू असतील त्या सगळ्यांवर खूण करा. पती किंवा पत्नी, मुलं, आईवडील, भाऊबहीण, इतर. पाचही चौकोन कोरे. शेरा म्हणून बाईंनी लिहिलं होतं: "गप्प. रविवारी जाऊन विचारणे."

त्या खरंच आल्या होत्या. वालाच्या बिरड्याचा डबा घेऊन, पत्ता शोधत, दोन जिने चढून. आल्या आल्या काही विचारलं नाही. वसुधाच्या कुंड्यांना पाणी घातलं, पुस्तकांची कपाटं बघितली. निघताना चपला घालत म्हणाल्या, "सर, प्रश्न चार. नको, की गप्प?"

मी म्हणालो, "पत्नीवर खूण केली तर ते खोटं. नाही केली तर तेही खोटंच वाटतं."

बाईंनी मान हलवली. "मग कोराच राहू दे. पण मी तुमची केस काढणार नाही." पुढे दर दोन-तीन रविवारी डबा येत राहिला. प्रश्न पुन्हा कधी आला नाही.

फाइल्समध्ये मी खाली खाली गेलो. ज्याने म्हणून कुठे कोरं सोडलं होतं, त्याच्या पुढे शेरा होता: "विचारले." "फोन केला." "आई गावी गेली आहे, परत येईल." मग मी पहिली ओळ पाहिली. केस क्रमांक एक. सर्वांत जुन्या फाइलमध्ये आईवडिलांवर खूण होती. पुढच्या प्रत्येक फाइलमध्ये, वर्षानुवर्षं, पाचही चौकोन कोरे. पुढे शेरा नाही. सगळ्यांच्या दाराशी जाणाऱ्या बाईंना कुणीच विचारलेलं नव्हतं. मीही, इतके डबे खाऊन.

त्या रविवारी मी डोंबिवली पश्चिमेला गेलो. बाई गॅलरीत पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. समोर नवे टॉवर होते आणि त्यांच्या फटीतून खाडीची एक चंदेरी रेघ दिसत होती. मी रिकामा डबा परत केला. तो कितीतरी दिवस माझ्याकडेच होता.

"बाई," मी म्हणालो, "प्रश्न चार. नको, की गप्प?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिल्या. मी घाई केली नाही. घाई न करणं मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

"पर्याय कमी होते, सर," त्या अखेर म्हणाल्या. मग स्टुलावरून पाय खाली घेतले आणि ते स्टूल हाताने माझ्याकडे सरकवलं. "बसा. सांगते."