पुठ्ठ्याचा हात, निळी गिटार

नातीच्या पत्राला आप्पांनी पाच महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र जेमतेम चार ओळींचं. "आजोबा, बाबांची गिटार आईने विकली. मला विजेवरची छोटी हवी. तू खूप वाचतोस, म्हणून तूच निवड. हाताचं माप दिलंय. तू कधी येणार?" खाली पेन्सिलीने रेघ मारून आठ वर्षांचा पंजा काढला होता.

आप्पा अडले ते शेवटच्या प्रश्नावर. वर्षापूर्वी मुलगा गेला, त्या दिवसानंतर ते त्या घराची पायरी चढले नव्हते. ज्याला जन्मभर "तुझा गोंगाट बंद कर" एवढंच सांगितलं, त्याच्या घरात कोणत्या तोंडाने जाणार? गिटार निवडण्याचं मात्र त्यांना काहीच वाटलं नाही. बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते ते! "चार पुस्तकं वाचली की झालं!" असं त्यांनी आरशाला ठणकावून सांगितलं. आरसा सोडून दुसऱ्या कुणाला ठणकावायची त्यांची छाती नव्हती.

चाराची अकरा पुस्तकं झाली. लाकडाच्या जाती झाल्या, तारांची जाडी झाली. निष्कर्ष एवढाच, की गिटारीची मान लहान मुलाच्या पंजात मावली पाहिजे. पण नात राहायची तासाभराच्या अंतरावर, दुसऱ्या गावात. तिला दुकानात न्यायचं म्हणजे आधी तिच्या घरी जाणं आलं! आप्पांनी पंजा पुठ्ठ्यावर उतरवला, कात्रीने कापला, खिशात घातला आणि दुकान गाठलं.

दुकानदार खांद्यापर्यंत केस वाढवलेला, दंडावर कवटी गोंदलेला आडदांड माणूस होता. आप्पा पुठ्ठ्याचा हात एकेका गिटारीच्या मानेवर ठेवून बघू लागले.

"आजोबा, हे काय?"

"नातीचा हात आहे."

"मग तिलाच आणायचं की!"

"ते आता शक्य नाही." आप्पांनी पुठ्ठ्याचा हात छातीशी धरला.

दुकानदाराचा चेहरा उतरला. "कधी झालं?"

आप्पांना वाटलं, माप कधी घेतलं ते विचारतोय. "पाच महिने झाले."

"केवढीशी?"

"आठ वर्षांची."

दुकानदार काउंटर ओलांडून आला आणि त्याने आप्पांना मिठी मारली. आप्पांचं नाक कवटीवर चेपलं. कोपऱ्यात दोन मुलं ड्रम बडवत होती. "ए, बंद करा रे! यांची नात गेलीये!"

आता कुठे आप्पांच्या डोक्यात प्रकाश पडला. "नाही हो..." ते कवटीत पुटपुटले.

"मन मानत नाही, आजोबा. माझा भाऊ गेला तेव्हा मीही असंच नाही नाही म्हणत होतो." आणि तो हमसून हमसून रडायला लागला.

रडणाऱ्या माणसाला खरं कसं सांगायचं, हे अकरापैकी एकाही पुस्तकात नव्हतं. मग आप्पांनाही रडू फुटलं. वर्षभरात पहिल्यांदाच. ते नातीसाठी नव्हतं, पण कुणासाठी होतं ते सांगायला जीभच उचलेना. एका छोट्या निळ्या गिटारीवर पुठ्ठ्याचा हात नेमका बसला. "नातीच्या आईचा पत्ता द्या. मी स्वतः पोचवतो," दुकानदार म्हणाला. आप्पांनी मुकाट्याने दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेचा फोन.

"आप्पा! दारात एक केसाळ राक्षस पांढरी फुलं घेऊन उभा! दार पोरीने उघडलं. तो हिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणतो, 'बाळा, ताईची गिटार आणलीये. आता आईला तूच सांभाळ!' गिटारीवर पितळी पट्टी आहे, 'लाडक्या छकुलीच्या स्मृतीस'! शिवाय भिंतीत ठोकायला हूक! एक माणूस गेलाय या घरातला, आप्पा. तो पुरला नाही का?" पुढे ती हसत होती की रडत होती, काही कळलं नाही. फोन नातीने ओढून घेतला.

"आजोबा, मी मेलेय का?"

"नाही गं बाळा!"

"मग ही वाजत का नाही?"

अ‍ॅम्प्लिफायर! भिंतीवर टांगायच्या गिटारीला तो कशाला, म्हणून दुकानदाराने दिलाच नव्हता.

"आणि तू का नाही आलास? त्या काकांना सापडलं की आमचं घर!"

आप्पा "लिहून कळवतो," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

संध्याकाळपर्यंत त्यांनी आठ मसुदे फाडले. पहिला तर सात पानांचा होता, खाली तळटिपा. नवव्यात एवढंच उरलं: "बाळ, चुकलो. तुझ्या बाबांच्या बाबतीतही चुकलो. शनिवारी सकाळच्या बसने येतो. अ‍ॅम्प्लिफायर तू स्वतः ऐकून निवड. त्याच दुकानात आपण दोघं जाऊ."

पुन्हा वाचलं तर हेही फाडू, या धास्तीने ते तसेच चपला घालून निघाले आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पत्र टाकलं. आत थप्प आवाज झाला.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की शनिवारी आपण गेलेल्या नातीचं बोट धरून त्या कवटीसमोर उभे राहणार आहोत. आप्पांनी घाईघाईने फटीत बोटं घालून पाहिली. पत्र तळाला गेलं होतं.