पंडित गुरुजींची रिकामी टाकी

पालमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या पंडित गुरुजींनी नवी मोटारसायकल घेतली आणि त्या दिवसापासून गावात सगळ्यांना एक गोष्ट सांगून ठेवली. जगात कुणाचीही गाडी पेट्रोल संपून रस्त्यात बंद पडेल, आपली पडणार नाही. कारण आपल्या गाडीला पेट्रोलचा काटा आहे!

त्या वेळी पालममध्ये मोटारसायकली मोजक्याच होत्या आणि काटा दुसऱ्या एकीलाही नव्हता. शाळेतल्या भगवानराव सरांची गाडी जुनी, रेड्यासारखी अवजड. पेट्रोल बघायचं म्हणजे भगवानराव ती दोन्ही पायांत धरून गदागदा हलवायचे, टाकीला कान लावायचे आणि डोळे मिटून आतली डुबुकडुबुक ऐकायचे. डॉक्टरनं पेशंटची छाती तपासावी तसं. मग म्हणायचे, गंगाखेडला जाऊन येण्यापुरतं आहे. गुरुजींना याचं फार हसू यायचं. दुकानदारानं त्यांना एका लिटरला ऐंशी किलोमीटर सांगितलं होतं आणि गुरुजी ते ऐंशी पाढ्यासारखे म्हणून दाखवायचे.

पण पहिल्याच महिन्यात त्या काट्यानं गुरुजींच्या डोक्याचा भुगा केला. गाडी मधल्या स्टँडवर असली की टाकी भरलेली. बाजूच्या स्टँडवर कलली की पाऊण. चढ लागला की पेट्रोल वाढायचं, उतार लागला की कमी व्हायचं. मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई बसल्या की काटा टुणकन वर जायचा, त्या उतरल्या की खाली. गुरुजींनी हिशेब घातला, तर एकदा लिटरला बेचाळीस किलोमीटर आले आणि पुढच्या खेपेला सत्त्याण्णव! सत्त्याण्णव आले त्या दिवशी ते खुशीत होते. संध्याकाळी मात्र त्यांना प्रश्न पडला, की हे जास्तीचं पेट्रोल आपल्या टाकीत घातलं कुणी?

एकदा संध्याकाळी अर्ध्यावर असलेला काटा सकाळी पावावर दिसला. गुरुजींनी ताडलं, पेट्रोल चोरीला जायलंय. गाडी आदल्या दिवशी अंगणात उभी होती आणि सकाळी उतारावर, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी टाकीला कुलपाचं झाकण बसवून घेतलं आणि त्याची किल्ली कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. तिथं चोराचा हात जाणार नव्हता.

अशात सत्यशीलाबाईंना अंगणवाडी सेविकेच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. अकरा वाजता, गंगाखेडला. दहावी होऊन, दोन लेकरं वाढवून त्या कित्येक वर्षं या संधीची वाट बघत होत्या. त्यांचं म्हणणं एसटीनं जावं असं होतं. गुरुजींना ते ऐकवेना. दारात काट्याची गाडी असताना एसटीत उभ्यानं जायचं म्हणजे काय! त्यांनी सकाळी कॅनमधून टाकी अगदी गळ्यापर्यंत भरली, झाकणाला कुलूप घातलं आणि सवयीनं किल्ली पुन्हा साड्यांच्या खाली ठेवून दिली. सत्यशीलाबाई निळं काठपदराचं लुगडं नेसून, प्रमाणपत्रांची पिशवी छातीशी धरून मागं बसल्या. काटा पुरता वर गेला. गुरुजींनी समाधानानं किक मारली.

पालम मागं पडून फार वेळ झाला नव्हता. रस्त्यावर खडी उघडी पडली होती, गाडी खडखडली आणि गुरुजींचं सहज काट्याकडं लक्ष गेलं. काटा खाली यायला लागला होता. तीन चतुर्थांश, अर्धा, पाव. बघता बघता तो लाल पट्टीवर जाऊन झोपला.

गुरुजींनी गाडी थांबवली. खाली वाकून बघितलं, तर कुठं थेंब नव्हता.

"पेट्रोल संपलंय," ते म्हणाले.

"सकाळीच तर तुमी भरलंय," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"भरलंय ना. मीच भरलंय."

"मंग गेलं कुठं?"

"तेच कळंना गेलंय."

बाईंनी झाकण उघडून बघायला सांगितलं. तेव्हा गुरुजींना किल्ली आठवली. आता काय करावं? त्यांनी मागंपुढं बघितलं, ओळखीचं कुणी नाही याची खात्री केली आणि भगवानरावांसारखी गाडी पायांत धरून गदागदा हलवली. टाकीला कान लावला. आत चिडीचूप! एक डुबुक नाही. म्हणजे काट्याचं खरं होतं. सकाळी आपल्याच हातानं भरलेलं पेट्रोल आता टाकीत नाही, हे गणित माणसानं मांडावं तरी कसं? ऊन तर अजून कोवळं होतं. एवढ्यात उडून जाण्यासारखं नव्हतं.

गुरुजी धीराचे. थोडं पेट्रोल राखीव असतं, असं ते बाईंना म्हणाले. गुडघ्याखाली हात घालून, न बघताच त्यांनी टाकीखालची तोटी राखीववर फिरवली आणि गाडी सुरू केली. गाडी थोडी चालली, मग आचके देत बंद पडली. राखीवही संपलं होतं.

तेवढ्यात मागून एसटी आली. जिला सकाळी नको म्हटलं होतं, तीच. सत्यशीलाबाईंनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात केला. गुरुजी म्हणाले, तू हो पुढं, मी ढकलत येतो, गंगाखेडला पंप आहेच. बाई चढल्या. खिडकीतून त्यांनी एकदा गुरुजींकडं आणि एकदा गाडीकडं बघितलं.

गुरुजी ढकलायला लागले. रिकामी गाडी इतकी जड कशी, हा आणखी एक प्रश्न त्यांना पडला. शर्ट पाठीला चिकटला. चढावर तर गाडीच त्यांना मागं ढकलायला लागली.

मागून लिंबाजीची बैलगाडी आली. लिंबाजी खालच्या वस्तीवरचा शेतकरी. गाडीला चारी बाजूंनी तट्टे लावून त्यात निम्मा कापूस भरलेला, कापसावर त्याची बायको कडूबाई बसलेली. गंगाखेडला कापूस घालायला निघाले होते. गुरुजींची दशा बघून लिंबाजीनं बैल थांबवले आणि मोटारसायकल कापसावर घ्यायचं ठरलं. रस्त्यानं जाणारे दोघं हाताला लागले. उचलताना सगळ्यांचे डोळे पांढरे झाले.

"मास्तर, रिकामी म्हनता अन् एवढी जड?" लिंबाजीनं विचारलं.

गुरुजींनी सांगितलं की जपानी लोखंड जड असतं.

मोटारसायकल कापसावर आडवी झाली. तिला धरून गुरुजी बसले. गाडी संथ चालायला लागली, कापूस मऊ होता आणि गुरुजींना जरा डुलकीही आली. मग कडूबाईनं नाक मुरडलं. घासलेटासारखा वास यायलाय, असं तिचं म्हणणं. गुरुजी डोळे न उघडता म्हणाले की टाकी रिकामी झाली तरी वास मागं राहतो. थोड्या वेळानं कडूबाई म्हणाली की कापूस ओला लागायलाय. रात्रीचं दहिवर असेल, गुरुजी म्हणाले.

पुढं बसलेल्या लिंबाजीनं बिडी काढली आणि काडी ओढायला पेटी हातात घेतली. कडूबाई अशी झेपावली की पेटी रस्त्याच्या पलीकडं तुरीत जाऊन पडली.

"जाळतो का समद्यायला? मास्तरचं पेट्रोल गळायलंय!"

गुरुजी ताडकन उठले. झाकणाच्या कडेनं पेट्रोलची धार लागली होती आणि पांढऱ्याशुभ्र कापसात मुरत होती. "पण टाकी रिकामी आहे," एवढंच ते म्हणत राहिले. लिंबाजी आणि कडूबाई त्यांच्याकडं बघत राहिले. शाळेत लेकरं पाठवावीत की नाही, असा विचार दोघांच्याही चेहऱ्यावर दिसत होता.

मोटारसायकल खाली उतरली. सगळा कापूस भिजला तर खरेदी केंद्रावर कोण घेणार? कडूबाईनं एक रिकामं पोतं गुरुजींच्या अंगावर टाकलं आणि वास येणारा कापूस निवडायला बसवलं. गुरुजी मूठ मूठ नाकाला लावून बघायचे, काही गाडीत टाकायचे, काही पोत्यात. तासाभरात त्यांना सगळ्याच कापसाला वास यायला लागला. पुढं स्वतःच्या हातालाही. पोतं फुगत गेलं.

दुपार कलली तेव्हा गंगाखेडहून येणारी एसटी कचकन थांबली आणि सत्यशीलाबाई खाली उतरल्या. नवरा रस्त्याच्या कडेला बसून कापूस हुंगत होता. त्यांनी आधी लिंबाजीकडून सगळं ऐकून घेतलं. मग मोटारसायकलीजवळ बसल्या, वाकून टाकीखाली बघितलं आणि विचारलं,

"अहो, ओ एफ एफ म्हंजे बंदच ना?"

गुरुजी आले, वाकले, बघितलं. तोटी राखीववर नव्हतीच. ती त्यांनी बंदवर फिरवली होती. टाकी भरलेली, तोटी बंद, म्हणून गाडी बंद. आणि काठोकाठ भरलेली टाकी हलवली तरी वाजत नाही, हेही त्यांच्या आता ध्यानात आलं. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण त्यांनी स्वतः फळ्यावर लिहून दिली होती. काट्याला मात्र अचानक खाली का जावंसं वाटलं, हे त्यांना त्या दिवशीही कळलं नाही आणि पुढंही नाही.

बाईंनी तोटी फिरवली. चौथ्या किकला गाडी सुरू झाली. लिंबाजीनं बैलांना हात जोडले.

"मुलाखत कशी झाली?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"चांगली झाली. मॅडमनी विचारलं, लेकरू उगंच रडायलंय तर काय करणार? मी म्हनलं, आधी काय दुखायलंय ते नीट बघणार, मंगच औषध. त्या हसल्या. म्हनल्या, पंधरा दिवसांत ऑर्डर येईल."

ऑर्डर आलीही, पण ते पुढं. त्या दिवशी अडचण वेगळीच होती. वास लागलेला कापूस लिंबाजी काही परत घेईना, त्यानं पोतं गुरुजींच्याच हवाली केलं. ते बांधल्यावर मागच्या सीटवर जागाच उरली नाही. सत्यशीलाबाईंनी पुढच्या एसटीला हात केला आणि त्या बसून गेल्या.

गुरुजी पोतं घेऊन पालमकडं निघाले. वाटेतल्या गावात चहाच्या टपरीवर कापसाचा एक दलाल बसला होता. त्यानं हात करून गाडी थांबवली, पोत्यात हात घातला, बोंडभर कापूस काढून बोटांत चोळला आणि नाकाशी नेला.

"गुरुजी, धागा चांगला हाय. पण वास येगळाच. कोणतं वाण म्हनायचं हे?"

पंडित गुरुजींनी थोडा विचार केला.

"नवीनच निघालंय," ते म्हणाले आणि गाडी पुढं काढली.